गुडघा बदलला, पण माय बदलली काय?



या वेळी मी एका घराची गोष्ट सांगणार आहे. घर आमच्या नागऱ्यातलेच आहे. त्या घरच्या माणसांना विचारूनच लिहितो आहे. नावे मात्र लिहीत नाही, कारण नावापेक्षा गोष्ट महत्त्वाची आहे. उद्या ती तुमच्या-माझ्या घरीही घडू शकते.

त्या घरची माय सत्तरीच्या घरातली. जन्म धम्मदीक्षेच्या सालचा, १९५६ चा. म्हणून आपले वय ती कधी चुकत नाही. उभी हयात धानाच्या बांधीत गेली. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून सांजेपर्यंत घोटाभर चिखलात वाकून पऱ्हे लावायचे, घरी आल्यावर उकिडवे बसून चूल पेटवायची, आणि शेतात काम नसेल तेव्हा तेंदूच्या पानांच्या विड्या वळायच्या. अशा कामात गुडघे झिजणार नाहीत तर काय होणार? हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती झिजली की हाडाला हाड घासते. शेवटी शेवटी माय शौचालयापर्यंतही भिंत धरून जायची. विहारात खाली बसणे तर केव्हाच सुटले होते.

एके काळी गुडघा बदलणे हे मोठ्या लोकांचे काम समजले जायचे. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, तेव्हा न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. वर्तमानपत्रांत रोज बातमी असायची. पुढे १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारच्या औषध दर प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि हे उपचार थोडे खाली उतरले. आता आपल्या वस्तीतल्या माणसांचीही ही शस्त्रक्रिया होते, ही चांगलीच गोष्ट आहे. दुखणे सोसत मरावे असे आपल्या मायबहिणींच्या कपाळी कोणी लिहून ठेवलेले नाही.

तर मायची शस्त्रक्रिया नागपूरला एका रुग्णालयात झाली. ती उत्तम झाली. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला होता. दुसऱ्या दिवशी तिला धरून उभे केले, दोन पावले चालवले. मुलाने मला फोन करून आनंदाने सांगितले, "भाऊ, माय चालली!"

तिसऱ्या रात्री सगळे उलटे झाले.

रात्री दोनच्या सुमारास माय उठून बसली आणि पलंगावरून पाय खाली टाकू लागली. फरशी नुकतीच पुसलेली होती, दिव्याच्या उजेडात चकाकत होती. तिला ते बांधीतले पाणी वाटले. "पऱ्हे सुकून राहिले, मले जाऊ दे" असे ती म्हणू लागली. सून उशाशी होती. तिने धरले, तर सासू तिच्यावरच ओरडली, "तू कोन व्हस? माह्या चहात काय घातलं? माह्ये कानातले कुठी नेले?" हाताची सलाईन ओढून काढली. सगळा वॉर्ड जागा झाला.

आता कानातल्याची हकिकत अशी. शस्त्रक्रियेच्या आधी अंगावरचे दागिने काढून ठेवावे लागतात. मायने आपल्या हाताने कानातली सोन्याची फुले काढून सुनेच्या रुमालात बांधली होती. ती गोष्ट ती साफ विसरली, आणि दागिना गेला एवढेच डोक्यात राहिले.

सकाळी माय बरी वाटली. चहा घेतला, नातवाची चौकशी केली. सांज झाली की पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नणंद आली. आईच्या तोंडून तिने चहाचे ऐकले, दागिन्याचे ऐकले, आणि भावजयीला नको ते बोलली. मुलानेही बायकोला सर्वांदेखत विचारले, "खरं सांग, काय झालं?" ज्या बाईने तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता, तिच्यावर हा प्रसंग आला. एका नातेवाइकाने सुचवले की बाहेरची बाधा दिसते, गावाकडे एक भगत आहे. दुसऱ्याने सुचवले की माय अशी भ्रमिष्ट होण्याआधी जमिनीच्या कागदावर अंगठा घेऊन टाका.

मला बोलावणे आले ते या वेळी. मी खरे सांगतो, रेल्वेत बसल्यावर वाटभर मीही सुनेचाच विचार करत होतो. म्हाताऱ्या माणसांचे हाल होताना समाजकार्यात मी पाहिले आहेत. म्हातारी एवढे बोलते आहे तर काहीतरी असेल, असे मला वाटले. तो माझा अन्याय होता. तो कबूल करण्यासाठीही हा लेख आहे.

वॉर्डात गेल्यावर मी एका तरुण डॉक्टर भगिनीला सगळे सांगितले. तिने मायला सोपे प्रश्न विचारले. आज वार कोणता? आपण कुठे आहोत? वीसपासून उलटे आकडे म्हणा. जी बाई मजुरीचा हिशोब बोटांवर चोख ठेवायची, ती सतराला अडकली आणि प्रश्न काय होता हेच विसरली. डॉक्टर म्हणाल्या, हे वेड नव्हे, बाधा नव्हे, आणि सुनेचा दोष तर नव्हेच नव्हे. याला डिलिरियम म्हणतात.

आपले जुने लोक तापात बरळणाऱ्या माणसाला ‘वात झाला’ म्हणायचे. तो हाच प्रकार. मेंदूचे काम काही दिवस विस्कळीत होते. तो एकाएकी, एक-दोन दिवसांत येतो. दिवसभरात कमी-जास्त होतो आणि रात्री वाढतो. लक्ष एका जागी टिकत नाही. नसलेली माणसे, नसलेल्या वस्तू दिसतात. साठीपुढच्या माणसांत मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत तो दिसतो, आणि बहुतेकांत काही दिवसांत उतरतो. काहींना मात्र आठवडे लागतात.

याचे कारण एकच नसते. नुसते ‘भुलीचे औषध डोक्यात चढले’ असे म्हणून भागत नाही. अमेरिका आणि कॅनडात खुब्याचे हाड मोडलेल्या १६०० रुग्णांवर अभ्यास झाला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमरेत सुई दिली, निम्म्यांना पूर्ण भूल दिली. पहिल्या गटात २०.५ टक्के आणि दुसऱ्या गटात १९.७ टक्के लोकांना डिलिरियम झाला, म्हणजे जवळजवळ सारखाच. खुब्याची शस्त्रक्रिया आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया वेगळी हे खरे, पण बोध तोच. मेंदूवर ताण अनेक बाजूंनी येतो. शस्त्रक्रियेने शरीरात जी सूज आणि दाह उठतो त्याचा परिणाम मेंदूपर्यंत जातो. वेदना असतात. वेदनेवरची कडक औषधे असतात. झोप होत नाही. पाणी पोटात कमी जाते. रक्तातले मीठ किंवा साखर खाली-वर होते. लघवी तुंबते, लघवीच्या नळीने जंतुसंसर्ग होतो, शौचास होत नाही. ज्याचा मेंदू वयाने किंवा जुन्या विसराळूपणाने आधीच थोडा थकलेला असतो, त्याला एवढे पुरते.

मायच्या बाबतीत काय निघाले? रक्तातले सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, कमी झालेला. तीन रात्री झोप नाही. चष्मा पिशवीच्या तळाशी, कारण दवाखान्यात फुटेल म्हणून सुनेने जपून ठेवला होता. आणि चौथी गोष्ट कोणी डॉक्टरांना सांगितलीच नव्हती. माय चाळीस वर्षे दिवसातून चार-पाच वेळा गुडाखू लावायची, तो एकदम बंद झाला होता. लाजेपोटी घरच्यांनी सांगितले नाही. डॉक्टरांनी त्यावर उपचार केले, एक औषध बदलले, चष्मा डोळ्यावर चढला, पलंग खिडकीजवळ घेतला. सहाव्या दिवशी सकाळी माय सुनेला म्हणाली, "काहून व, तुह्यं तोंड असं काहून उतरलं?" मागच्या तीन रात्रींतले तिला काहीच आठवत नव्हते.

बंधू-भगिनींनो, सर्व जगात कुटुंबांचा अनुभव असाच आहे. १९५५ साली बेडफर्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लिहून ठेवले की शस्त्रक्रियेनंतर आमचा म्हातारा पूर्वीसारखा राहिला नाही, अशी तक्रार घरचे लोक करतात आणि ती ऐकून घेतली पाहिजे. पुढे १९९८ साली साठीपुढच्या १२१८ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची शस्त्रक्रिया मोठी होती, पण हृदयाची नव्हती. आठवड्याने तपासले तेव्हा २५.८ टक्के लोकांची स्मरणशक्ती व लक्ष मंदावलेले आढळले. तीन महिन्यांनी हे प्रमाण ९.९ टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न झालेल्या त्याच वयाच्या लोकांत ते २.८ टक्के होते. नेमक्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली काम प्रसिद्ध केले. साठीपुढच्या रुग्णांच्या मेंदूची चित्रे त्यांनी शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दोन दिवसांत काढली. २३ टक्के लोकांत मेंदूच्या भागांचे आपसांतले दळणवळण कमी झालेले दिसले.

या आकड्यांनी घाबरू नका. त्यांचा अर्थ नीट लावा. एक तर बहुसंख्य लोकांना हा त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यातले बहुतेक सुधारतात. पण तो खरा आहे, सोंग नाही. काहींची स्मृती काही महिने मंद राहते. थोड्यांची पुरती पूर्ववत होत नाही, विशेषतः ज्यांना आधीपासून विसर पडत होता त्यांची. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की आमची माय नावे विसरते, पैसे मोजताना चुकते. हे लपवून लाभ नाही.

आता कुटुंबाने काय करावे, ते क्रमाने सांगतो. मी डॉक्टर नाही, कारकून आहे. पण ही यादी मी त्या डॉक्टर भगिनीकडून समजून घेतली आहे.

पहिले, शस्त्रक्रियेआधी सर्व औषधांची चिठ्ठी न्यावी. झोपेची गोळी असेल तर सांगावे. विडी, तंबाखू, खर्रा, गुडाखू, मोहाची दारू, जे असेल ते सांगावे. रोज दारू पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर भयंकर भ्रम होतो, प्रसंगी जिवावर बेततो. तेथे लाज धरणे म्हणजे आपल्या माणसाशी वैर धरणे होय.

दुसरे, चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी रुग्णाजवळच ठेवावी. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला फरशीही बांधी वाटणारच.

तिसरे, ओळखीचे माणूस उशाशी असावे, पण माणसांची जत्रा नको. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, कशासाठी आलो, हे अधूनमधून शांतपणे सांगावे. दिवसा उजेड, रात्री अंधार व शांतता ठेवावी. डॉक्टरांनी मना केले नसेल तर पाणी पाजत राहावे. सांगतील तेव्हा आणि सांगतील तसे चालवावे. हे उपाय साधे वाटतात, पण अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. शेरॉन इनूये यांनी १९९९ साली सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर हेच उपाय करून दाखवले. एरवीच्या देखभालीत १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला, या उपायांनी ९.९ टक्क्यांना. ते शस्त्रक्रियेचे रुग्ण नव्हते, पण उपाय तेच आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही.

चौथे, रुग्ण बरळू लागला तर वाद घालू नये, हसू नये, दटावू नये, आपल्या हाताने बांधून ठेवू नये. हात धरावा आणि परिचारिकेला लगेच सांगावे. ‘वयामुळे होते’ असे उत्तर मिळाले तरी कारण शोधा म्हणून नम्रपणे आग्रह धरावा.

पाचवे, गप्प पडून राहणाऱ्याकडे जास्त लक्ष द्यावे. डिलिरियमचा एक प्रकार असा की रुग्ण ओरडत नाही, नुसता गुंगीत राहतो, जेवत नाही, बोलत नाही. घरचे म्हणतात, बिचारी शांत झोपली आहे. हा प्रकार ध्यानात येत नाही म्हणूनच जास्त धोक्याचा.

सहावे, तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोबडी वळली, दम लागला, ताप चढला किंवा हाक मारून जाग येईना, तर तो साधा भ्रम समजू नये. क्षणाचाही वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवावे. घरी असाल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवावी.

सातवे, त्या अवस्थेत कोणत्याही कागदावर सही-अंगठा घेऊ नये. बी.कॉम.ला असताना मी १८७२ चा भारतीय करार कायदा शिकलो. त्याच्या कलम १२ मध्येच हे उदाहरण दिले आहे की एरवी शहाणा असलेला माणूस तापाने भ्रमात असेल तर तो भ्रम असेपर्यंत करार करू शकत नाही. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यालाही ठाऊक होते की ते बोलणे आजाराचे आहे, माणसाचे नाही. ज्या कागदाला कायदा मानत नाही, तो अंगठा घेऊन घरात भांडण तेवढे उरते. जमिनीचे, बँकेचे काम असेल ते माणूस धड असताना, त्याच्या मर्जीने करावे.

आणि भगताचे काय? त्यावर मी त्या नातेवाइकाला एवढेच विचारले, "भगत रक्तातले मीठ मोजतो का?" आपण बुद्धाचा कार्यकारणभाव मानणारे लोक आहोत. कारण असल्याशिवाय काही घडत नाही, आणि कारण दूर केले की परिणाम दूर होतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे आणि त्याला डॉक्टरी उपचारांपासून अडवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा सोडा, वेळ गेला तर माय गेली असती.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता, आपल्याच घाणीत पडून होता, आणि बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी घेतले, आनंदांच्या मदतीने त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. नंतर संघाला समज दिली की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. मला या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. आजाऱ्याची घाण ही आजाऱ्याचा दोष नव्हे, असे तथागतांनी कृतीने दाखवले. शरीराची घाण आपण समजून घेतो. आजारात मनातून, तोंडातून जे बाहेर पडते तेही तसेच समजून घेतले पाहिजे. ते पुसून टाकावे, मनात साठवू नये.

पण येथे न्यायाचाही प्रश्न आहे. माय बरी होऊन घरी आली. दोन-अडीच महिने तिचा विसर चालू होता, दूध उतू जायचे, नातवंडांची नावे उलटसुलट व्हायची. हळूहळू ते निवळले. वर्षावासात ती काठी टेकत विहारात आली, खुर्चीवर बसली आणि सर्वांबरोबर त्रिसरण-पंचशील म्हटले. सगळे खुश झाले. सून मात्र दाराशीच उभी होती. मी विचारले, "बाई, आता तर सारे ठीक झाले ना?" ती म्हणाली, "भाऊ, आईला काही आठवत नाही, ते बरंच आहे. पण बाकीच्यांना तर आठवते ना? त्यांनी तर औषध घेतलं नव्हतं."

तिच्या या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो आणि तिच्या नवऱ्यासमोर तिची माफी मागितली, कारण मीही मनात तिला दोषी धरले होते. नवरा बराच वेळ खाली मान घालून बसला. मग तोही बोलला. नणंदेचा फोन त्यानंतर आठ दिवसांनी आला असे कळते.

भगिनींनो, आपल्या घरात आजाऱ्याची सेवा बहुधा सुनेच्याच वाट्याला येते, आणि संशयही तिच्याच वाट्याला येतो. म्हणून शस्त्रक्रियेला जाण्याआधी सर्व घराने एकत्र बसावे. दागिने काढून ठेवायचे तर दोघा-चौघांसमोर मोजून ठेवावेत. रात्रीच्या पाळ्या मुलांनीही घ्याव्यात. आणि असा भ्रम होऊ शकतो हे आधीच एकमेकांना सांगून ठेवावे, म्हणजे वेळ आली तर आजाराचा आरोप माणसावर जाणार नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या रुग्णालयात काय बसते, हे तेथल्या आरोग्यमित्राला अगोदर विचारावे.

मायची कानातली फुले आता पुन्हा तिच्या कानात आहेत. सुनेनेच ती घातली. माय तिला विचारत होती, "एवढे दिवस कुठी होते व हे?" सून म्हणाली, "जपून ठेवले होते, आई."

जयभीम.